अढळ पाडायचा कसा

अढळ हा ग्रह चौतीस पुस्तकांत एकोणचाळीस वेळा वेढला गेला आणि एकदाही पडला नाही. त्याचे वाचक म्हणजे एक वेगळीच जमात होती. कुणी बैठकीच्या खोलीत अढळच्या कक्षांचा नकाशा फ्रेम करून लावलेला, कुणी कुत्र्याला त्याच्या चंद्राचं नाव दिलेलं. दर पुस्तकानंतर पोतंभर पत्रं यायची आणि त्यांतली निम्मी चुका काढणारी असायची. तिसऱ्या प्रकरणात भरलेलं इंधन पाचव्या प्रकरणापर्यंत पुरत नाही, अमुक जहाज एका पानावर उजवीकडे वळलं आणि पुढच्या पानावर डावीकडून आलं, वगैरे. अशा लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नसतं.

पुस्तकांवर लेखकाचं नाव ‘सेनापती’ एवढंच असे. या सेनापतींनी उभ्या आयुष्यात हातात काठीसुद्धा धरली नव्हती. ते रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये सव्वीस वर्षं लिव्हर ओढत होते. मालगाडी आत्ता कुठे आहे, तिला थांबायला किती अंतर लागेल, मागची गाडी केव्हा पोचेल, हे गणित त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं आणि तेच त्यांनी उचलून आकाशात नेलं. घरात त्यांना सेनापती म्हणणारं कुणी नव्हतं. घरात होती एकटी धाकटी बहीण, आणि ती त्यांना दादा म्हणायची. तिला मात्र प्रकाशकापासून औषधवाल्यापर्यंत सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

ताई एकोणिसाव्या वर्षी टायपिंगचा क्लास संपवून दादाच्या टेबलाशी बसली ती बसलीच. दादा आपली पाळी संपवून केबिनमधून यायचा, हातांचं ग्रीस धुवायचा आणि तिच्या खुर्चीमागे फेऱ्या मारत सांगायला लागायचा. ती यंत्र बडवायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, की जहाजं ग्रहाजवळ आल्यावर सरळ ब्रेक का मारत नाहीत. दादा फेऱ्या थांबवून जेवण गार होईपर्यंत तिला शिकवत बसला. वर ना रूळ, ना हवा. तिथे थांबायचं म्हणजे जहाजाने पाठ फिरवायची आणि जिकडे जायचंय त्याच दिशेने आग ओकायची. म्हणजे ज्याच्यावर चोरून चाल करून जायचं, त्याच्याच तोंडावर दिवा पाजळायचा. आणि हे मिनिटा-दोन मिनिटांचं काम नव्हे. वेग चढवायला जेवढे दिवस लागले, तेवढेच तो उतरवायला लागणार. त्या दिवसापासून ताई या भानगडीत जी गुंतली, ती लग्नाचं वय निघून गेलं तरी बाहेर पडली नाही. तिला कुणी डांबून ठेवलं होतं असंही नाही. तिला ते आवडायचं, हीच पंचाईत होती.

सहा वर्षांपूर्वी दादाच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. डोकं शाबूत राहिलं, कान आणि डोळे शाबूत राहिले, उजव्या हाताचं एक बोट आणि अंगठा हलता राहिला. बाकी सगळं गेलं. तेविसावं पुस्तक तेव्हा अर्ध्यावर होतं. प्रकाशक फुलं घेऊन भेटायला आला आणि जाताना दाराशी हळूच म्हणाला, की ताई, पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल ना. तिने पुढचं लिहिलं. मग चोविसावं लिहिलं. चौतिसाव्यापर्यंत एकाही वाचकाला पत्ता लागला नाही. उलट हल्ली सेनापतींची लेखणी जास्तच धारदार झालीय, असं दोघातिघांनी कळवलं. ती पत्रं ताईने दादाला मोठ्याने वाचून दाखवली आणि दादाच्या डोळ्यांच्या कडा हसल्या.

बोलायची त्यांची एक रीत होती. दादाच्या बोटाखाली लाकडाची फळी ठेवलेली असे. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्यापलीकडे काही सांगायचं असलं की ताई वर्णमाला म्हणायची. आधी ओळी: क, च, ट, त, प, य. दादा एका ओळीवर ठोका द्यायचा. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून, की पुन्हा ठोका. खरं तर यानंतर बाराखडी म्हणायला हवी होती, पण तेवढ्याने दादाला घाम फुटायचा. म्हणून काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे गाळायचे आणि ते ताईने आपल्या मनाने घालून घ्यायचे, असं ठरलं. सहा वर्षांत ती यात तरबेज झाली होती, तरी कधीकधी फजिती व्हायचीच. एकदा दादाने क आणि न अशी अक्षरं दिली. ताईने ते ‘कोन’ असं वाचलं आणि एका आरमाराचा चाल करून येण्याचा कोन चार पानं भरून बदलला. दादाचा कान खाजत होता.

त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. सकाळी एक मावशी येऊन अंघोळ घालून जायच्या, बाकी दिवस ताईचा. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात टायमर टिकटिकायचा आणि तो वाजला की पदर खोचून उठायचं, मग अढळवर कितीही बाका प्रसंग असो. खाली उतरून भाजी, औषधं, पोस्ट उरकून परत यायला तिला चाळीस मिनिटं लागत. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ती दोन-दोन पायऱ्या चढायला लागायची. दादा एकदा म्हणाला होता, तोंडाने बोलायचा तेव्हा, की शत्रूने एकदा का ग्रहाभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली, की तो मेलाच समजायचा. कितव्या मिनिटाला तो कुठे असेल हे खालच्या शेंबड्या पोरालाही कळतं. हल्ली जिना चढताना ताईला हे वाक्य आठवायचं.

अशात एका महिन्याच्या एक तारखेला टायपिंगच्या क्लासातल्या मैत्रिणीचं पत्र आलं. मैत्रीण दुसऱ्या शहरात मुलांची पुस्तकं काढायची. तिला जोडीला कुणीतरी हवं होतं, निवडणारं, सुधारणारं, स्वतः लिहिणारं. वर राहायला एक खोली होती. ‘आणि लिहिशील ते तुझ्या नावावर छापू,’ असं तिने लिहिलं होतं. होकार तीस तारखेपर्यंत हवा होता, नाहीतर ती दुसऱ्या बाईला शब्द देणार होती. घरात आलेलं प्रत्येक पत्र ताई दादाच्या पलंगाशी बसून मोठ्याने वाचायची. हे तिने मनातल्या मनात वाचलं आणि घडी करून टेबलाच्या खणात टाकलं. दादाच्या कानांना काही झालेलं नव्हतं. कागद उलगडल्याचा आवाज आला आणि मागून वाचन आलं नाही, हे त्याला कळलंच असणार.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या चाळीस मिनिटांत ताई नदीकाठचं शुश्रूषागृह बघून आली. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सुचवलं होतं, तेव्हा तिने त्यांना पुढे बोलू दिलं नव्हतं. जागा स्वच्छ होती. तिथल्या बाईंनी एक रिकामा पलंग दाखवला, आणि ताई भाजी न घेताच परत आली.

अडचण अढळची होती. फार पूर्वी, हसतखेळत, दादाने करारात एक कलम घालून घेतलं होतं: अढळ पडेपर्यंत मालिका चालेल, आणि सेनापतींच्या सहीखेरीज अढळ पडणार नाही. सहीच्या जागी आता अंगठा आला होता, एवढाच फरक. ताईने नुसतं लिहिणं थांबवलं असतं तर प्रकाशकाने डोक्याला हात लावला असता, पण तिची खरी धास्ती वेगळी होती. रोज दुपारी नवीन पानं ऐकण्यावर दादा जगत होता. ते आपण तोडायचं आणि वर त्याला सोडूनही जायचं, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. अढळ पडायला हवा होता, आणि तो दादाने पाडलेला हवा होता. मग पुढचं बोलता आलं असतं.

पस्तिसावं पुस्तक शेवटच्या हल्ल्यापर्यंत येऊन ठेपलं होतं. तीन तारखेला ती पलंगाशी बसली आणि म्हणाली की दादा, या खेपेला अढळ पाडू या, पुरे झालं. दादाने अक्षरं मागितली, आणि दहा मिनिटांनी निघालं: पाडून दाखव.

तिने कंबर कसली. पहिल्या आठवड्यात तिने आरमार सूर्याच्या दिशेकडून आणलं, म्हणजे पहारेकऱ्यांचे डोळे दिपावेत. दोन ठोके. अढळच्या कक्षेत पुढे-मागे चौक्या होत्या आणि त्यांना आरमार आडवं, कडेने दिसायचं. सूर्य त्यांच्या डोळ्यांत जातच नव्हता. मग तिने विचार केला की थांबायचंच कशाला. जहाजं न थांबता भरधाव शेजारून काढायची आणि जाता जाता दगड सोडून द्यायचे. एवढ्या वेगात दगडही तोफेचं काम करतो. दोन ठोके. अढळभोवती खडीचा पट्टा पसरलेला होता, आणि भरधाव येणाऱ्याला त्याचाच वेग फाडून काढणार होता. हा पट्टा एकोणतिसाव्या पुस्तकात स्वतः ताईनेच घातला होता, आणि त्या दिवशी दादाने खूश होऊन तीनदा ठोका दिला होता.

दुसऱ्या आठवड्यात तिने चंद्र घेऊन बघितला. चंद्रावर उतरलेलं सैन्य ठरल्या वेळी उगवणार, ठरल्या वेळी मावळणार; त्याला टिपायला आंधळाही चालेल. तिने लांबून वेढा घालून रसद तोडली. पण अढळ आपलं अन्न आपण पिकवायचा, आणि वेढा घालणाऱ्यांची शिधासामग्री मात्र वर्षभराच्या वाटेवरून यायची. उपासमार आधी कुणाची होणार हे सांगायला नको. प्रत्येक वेळी दोन ठोके, आणि प्रत्येक वेळी दादाचंच बरोबर. दादा या बाबतीत खडूस होता. चौतीस पुस्तकांत त्याने एकही पोकळ हल्ला पास केला नव्हता, आजारी पडल्यावर तर नाहीच. बहिणीने रात्रंदिवस खपून लिहिलेलं प्रकरण असलं तरी भोक दिसलं की दोन ठोके.

निदान ताई असं समजत आली होती. पण वीस तारीख उलटली आणि तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. प्रत्येक हल्ल्याला उत्तर असतंच कसं? याला खरंच भोकं दिसताहेत, की नुसतं ‘नाही’ म्हणायचंय? बावीस तारखेला तिने सातवा हल्ला वाचला, दोन ठोके पडले, आणि ती कागद आपटून उभी राहिली.

“तुला मी इथेच हवीय,” ती म्हणाली. “म्हणून अढळ उभा आहे. खरं सांग.”

दादाचं बोट फळीवर तसंच पडून राहिलं. एक नाही, दोन नाही. ताई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिला लाजही वाटत होती आणि रागही आवरत नव्हता. टायमर वाजला तेव्हा तिने येऊन त्याला कुशीवर वळवलं. तेव्हा दादाने अक्षरं मागितली. तिने कोरड्या आवाजात ओळी म्हटल्या. प वर्ग. प. मग शेवटची ओळ, आणि त्या ओळीच्या पार टोकाला, ळ. झालं, पुढे काही नाही.

प, ळ. ताई क्षणभर घुटमळली, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाळी! सव्वीस वर्षं केबिनमध्ये पाळ्या केलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? पाळी बदलताना जुना उठलेला असतो आणि नवा अजून बसलेला नसतो. अढळच्या चौक्यांवर माणसंच होती, त्यांच्याही पाळ्या बदलत असणार, आणि चौतीस पुस्तकांत तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे पळाला. दादा ‘नाही’ म्हणत बसला नव्हता. त्याने स्वतःच्या तटबंदीचं भोक तिच्या हातात दिलं होतं. तिने त्याचं कपाळ कुरवाळलं, चुकले रे म्हणाली, आणि टेबलाशी धावली. दादाचं बोट मागे दोनदा वाजलं, पण यंत्राच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नाही.

सहा दिवस ती नुसती सुटली होती. भाजीला गेली नाही, केस विंचरले नाहीत. आरमार वर्षभर विझलेल्या इंजिनांनी, मेलेल्या दगडांसारखं, खडीच्या पट्ट्यातल्या एका फटीच्या रोखाने वाहत आलं. सगळ्या चौक्यांवर एकाच वेळी पाळी बदलली, पाव तास कुणीही आकाशाकडे बघत नव्हतं. त्या पाव तासात जहाजांनी पाठ फिरवून वेग उतरवला, आणि नवा पहारेकरी दुर्बिणीला डोळा लावतो तो शत्रू अंगणात उभा. अढळ पडला. शेवटची ओळ टाइप करताना ताई ढसाढसा रडली. ग्रहासाठी की स्वतःसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एकोणतीस तारखेच्या दुपारी तिने सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर शाईचा पॅड उघडून ठेवला, इतकी तिची खात्री होती.

दोन ठोके.

ताईला वाटलं की बोट चुकून पडलं असेल. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा दोन. मग दादाने अक्षरं मागितली, आणि परत तेच आलं, प, ळ. ती म्हणाली, अरे तेच तर लिहिलंय, पाळी. दोन ठोके, या वेळी जोरात. तिने पाळ म्हणून बघितलं, पोळी म्हणून बघितलं, भूक लागलीय का विचारलं. दादाने डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे नेली. सहा वर्षांपूर्वी टांगलेला, कधीच न वापरलेला बाराखडीचा तक्ता.

“बाराखडी म्हणू? दमशील.”

एक ठोका.

तिने सुरुवात केली. “प...” आणि ‘पा’ म्हणायला तोंड उघडणार तोच ठोका पडला. तिला वाटलं की घाईत पडला. ती पुढे म्हणायला लागली तर दोन ठोके. “ळ...” लगेच ठोका. काना नाही, वेलांटी नाही. सहा वर्षं तो मात्रा गाळत आला आणि ती घालत आली. या एका शब्दात गाळायला काही नव्हतंच.

पळ.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. थोड्या वेळाने तिने खणातून पत्र काढलं आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. नदीकाठचं शुश्रूषागृह बघून आल्याचंही सांगितलं. दादाने ऐकून घेतलं आणि तीन अक्षरं दिली: ख, ड, क. आता तिने शहाणपणा केला नाही, सरळ विचारलं, “खडक?” दोन ठोके. “खिडकी?” एक.

“आहे,” ती म्हणाली. “खिडकीशेजारचाच पलंग आहे. खाली रहदारीचा रस्ता आहे.”

दादाने एक ठोका दिला. मग त्याची नजर शाईच्या पॅडवर गेली.

आता कुठे ताईचं डोकं ठिकाणावर आलं. तिने शेवटचं प्रकरण डोळ्यांपुढे आणलं. कित्येक दिवस खपून चढवलेला वेग पाव तासात उतरवला होता तिने. जहाजांतली माणसं भिंतींवर आपटून चेचली गेली असती. दादाने पहिल्या दिवशी जेवण गार करून शिकवलेली गोष्ट, आणि हर्षाच्या भरात ती तीच विसरली होती.

“यात भोक आहे,” ती म्हणाली.

एक ठोका.

“मला पंधरा दिवस दे. दुरुस्त करते.”

दोन ठोके. पंधरा दिवसांनी तीस तारीख कुठे राहिली असती, हे त्यालाही मोजता येत होतं.

“भोक असलेला हल्ला पास करणार तू?”

दादाने बोट नाही, अंगठा उचलला, आणि तो तसाच हवेत धरून ठेवला, तिने पॅड पुढे करेपर्यंत.

पुस्तक निघालं आणि पत्रांची पोती आली. प्रकाशकाने ती ताईच्या नव्या पत्त्यावर पाठवून दिली. तिच्या खोलीखाली छपाईयंत्र धडधडायचं आणि टेबलावर मुलांच्या पुस्तकाची कच्ची पानं पडलेली असायची. पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव होतं. ती पंधरवड्यातून एकदा दादाकडे जायची, आणि निघताना दर वेळी तिला आपण कुणाचं तरी काहीतरी चोरून नेतोय असं वाटायचं. पत्रांत मात्र सगळ्यांचा सूर एकच होता. चौतीस पुस्तकांत सेनापतींच्या हातून असं झालं नाही, पाव तासात एवढा वेग उतरतो का, एवढी ढोबळ चूक त्यांच्या लक्षात आली नाही का. एका निवृत्त इंजिनड्रायव्हरने तर तीन पानं आकडेमोड करून पाठवली होती आणि शेवटी लिहिलं होतं की सेनापतींची प्रकृती बरी आहे ना.

ताईने एकूण एक पत्राला उत्तर टाइप केलं. सगळ्यांना तेच दोन ओळींचं. आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे. चूक सेनापतींना माहीत होती.